विद्यार्थी लघुपट: कोणी काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात लघुपटाचा प्रकल्प लागला की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न यायला लागतात. पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या गटांना शूटची तयारी करून देताना जे परत परत विचारलं गेलं, ते इथे एकत्र केलं आहे. गृहीत एवढंच धरलंय: पाच ते दहा मिनिटांचा लघुपट, सहा ते दहा मुलं-मुली, दोन दिवसांचं शूट आणि घरून मिळालेले पैसे.

१. आम्ही सहाच जण आहोत. एवढ्यात होईल का?

होईल. फक्त कॅमेऱ्यासमोर येणारी माणसं या सहांत धरू नका. दिग्दर्शक, सहायक दिग्दर्शक (सेटवर त्याला सगळे एडीच म्हणतात), कॅमेरा, साउंड, प्रॉडक्शन, आणि आर्ट (सेट आणि वस्तू), कपडे, कंटिन्युटी (एका शॉटमधून दुसऱ्यात सगळं जुळतंय का ते बघणं) मिळून एक. संकलकाला शूटच्या दिवशी काम नसतं, त्यामुळे तो या सहांतलाच कोणीतरी. साउंडवाला असेल तर उत्तम, कारण कुठला टेक (एकाच शॉटचा प्रत्येक प्रयत्न) कशामुळे बिघडला हे त्याने कानांनी ऐकलेलं असतं. दिग्दर्शकाने स्वतः संकलन करू नये असं माझं मत आहे. जो शॉट मिळवायला तीन तास घातले, तो कापायला त्याचा हात धजत नाही.

सातवा माणूस मिळाला तर तो लाइटसाठी कॅमेऱ्याला जोडून द्या. दहाच्या पुढे मात्र गर्दी होते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चौदा जणांचं युनिट मी पाहिलंय. निम्मे बाल्कनीत मोबाइल बघत बसले होते आणि त्यांच्या हसण्याने दोन चांगले टेक गेले.

२. सगळ्यांनाच दिग्दर्शन करायचंय. मतदान घ्यावं का?

मतदानात ज्याचे मित्र जास्त तो निवडून येतो. त्यापेक्षा हे करा: कथा ठरली की इच्छुक असलेल्या प्रत्येकाने पहिल्या सीनचं शॉट डिव्हिजन (सीन कुठल्या कुठल्या शॉटमध्ये घ्यायचा त्याची यादी) एका पानावर लिहून आणायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. निम्मे इच्छुक लिहूनच आणत नाहीत. उरलेल्यांपैकी कोणाला सीन डोळ्यांसमोर दिसतोय हे ऐकताना आपोआप कळतं.

‘दोघं मिळून करतो’ हा तोडगा लिहिण्यापुरता चालतो. सेटवर नटाशी बोलणारा एकच हवा. एकाने ‘थोडं कमी कर’ आणि दुसऱ्याने ‘अजून जोर दे’ सांगितलं की नट दोघांच्या तोंडाकडे बघत राहतो.

आणि दिग्दर्शन मिळालं नाही म्हणजे प्रकल्प हातचा गेला, असं काही नाही. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत छायाचित्रण, संकलन, ध्वनी हे सगळे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. त्या त्या विभागातली मुलं एकत्र येऊन फिल्म करतात आणि प्रत्येक जण आपापल्या कामासाठी जोखला जातो.

३. एका माणसाने दोन कामं केली तर चालतं का? कुठली दोन?

‘अ‍ॅक्शन’ आणि ‘कट’ यांच्या मधे ती दोन्ही कामं एकदम करावी लागतात का, एवढं तपासा. लागत असतील तर एका माणसाला देऊ नका.

प्रॉडक्शन आणि संकलन चालतं. आर्ट आणि कपडे चालतं. कंटिन्युटी आणि क्लॅप (टेकची ओळख सांगून वाजवायची पाटी) तर एकाच माणसाकडे असलेलं बरं. कॅमेरा आणि साउंड एकाकडे नको, कारण फोकस बघणाऱ्याच्या कानात हेडफोन असला तरी लक्ष डोळ्यांतच असतं. दिग्दर्शक आणि एडी एकच, हे सर्रास होतं आणि सर्रास फसतं. त्याचं कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

दिग्दर्शकालाच मुख्य भूमिका करायची असेल तर? करा, पण मग टेक ओके की एनजी (‘नो गुड’, म्हणजे बाद) हे सांगायचा अधिकार आधीच दुसऱ्या कोणाला तरी देऊन ठेवा, आणि त्याने एनजी म्हटलं तर वाद घालू नका.

४. मला प्रॉडक्शन दिलंय. म्हणजे डबे आणि चहा एवढंच ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात जरा नाराजी असते. तर आधी डब्यांबद्दलच. १९१२-१३ मध्ये दादासाहेब फाळके पहिला चित्रपट करत होते तेव्हा सरस्वतीबाईंनी सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला, कपडे धुतले, शिवाय कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं किचकट कामही केलं. फाळक्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण ते युनिट दोन वेळा जेवलं ते या बाईंमुळे.

आता तुमचं काम. जागेच्या मालकाशी बोलणं, परवानगी, भाड्याचं सामान कधी उचलायचं आणि कधी परत द्यायचं, कोण कशाने येणार, पाणी, औषधांची पेटी, पावत्या, आणि रात्री पॅकअप झाल्यावर प्रत्येक मुलगी घरी पोचल्याचा मेसेज आला का हे बघणं. हे शेवटचं काम मी मुद्दाम लिहितोय. आठला संपणार होतं ते अकराला संपलं तर रिक्षाची सोय कोणाची, हे त्या वेळी ठरवायचं नसतं.

जेवणाची वेळ पाळा. सकाळी पोहे, अकराला चहा, दीडला जेवण, चारला पुन्हा चहा. अडीच वाजून गेले की सेटवर विनाकारण भांडणं होतात, आणि ती कॅमेरा अँगलवरून आहेत असं सगळ्यांना वाटतं. त्या वेळी वडापाव आणून ठेवला तर अँगलही पटतो.

जागा ज्यांनी दिली त्या काकूंच्या घरात शिरल्या शिरल्या, काहीही हलवायच्या आधी, प्रत्येक खोलीचे चारही बाजूंनी फोटो काढा. संध्याकाळी फोटो बघून वस्तू जागच्या जागी ठेवा. ज्या घरात हे केलं जातं, तिथे पुढच्या वर्षीच्या मुलांनाही दार उघडतं.

५. एडी आणि दिग्दर्शक यांत फरक काय? दोघंही ओरडतातच की.

एडी घड्याळाकडे बघून ओरडतो. दिग्दर्शकाने घड्याळाकडे बघायचंच नाही. म्हणून ही दोन माणसं वेगळी लागतात.

शूटच्या आधी एडी संहितेचं ब्रेकडाउन करतो: कुठल्या सीनला कोण, कुठे, दिवस की रात्र, कुठली वस्तू, कुठले कपडे. त्यावरून दोन दिवसांचा क्रम लावतो. हा क्रम कथेचा नसतो. एका जागेचे सगळे सीन एकत्र, एका नटाचे शक्यतो सलग, आणि बाहेरचे सीन उन्हाच्या हिशेबाने. आदल्या संध्याकाळी सगळ्यांना कॉल टाइम पाठवतो. ‘नऊला भेटू’ असं लिहू नका. ‘कॅमेरा सात, नट आठ, पहिला शॉट नऊ’ असं लिहा.

नवख्या युनिटचे दिवसाला बारा ते पंधरा शॉट नीट होतात असा माझा अनुभव आहे. कागदावर तीस लिहिले असतील तर पंधरा आधीच खोडा. संध्याकाळी पाचला घाईत खोडले जातात ते नेमके महत्त्वाचे असतात.

६. तयारी कधी सुरू करायची? आमच्याकडे तीन आठवडे आहेत.

तीन आठवडे पुष्कळ झाले. पहिल्या आठवड्यात संहिता बंद करा. नीट मांडणी केलेलं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, तेव्हा चौदा पानं हातात असतील तर तुमचा लघुपट दहा मिनिटांत बसत नाही. दुसऱ्या आठवड्यात रेकी (शूटच्या जागेची पाहणी), नट, ब्रेकडाउन. तिसऱ्यात तालमी, सामान, आणि एक चाचणी शूट.

ही चाचणी कोणी करत नाही. एका दुपारी, त्याच कॅमेऱ्यावर, त्याच माइकवर दोन शॉट घ्या, संगणकावर उतरवा, आवाज जुळवा आणि फाइल बाहेर काढा. लॅपटॉपवर ती फाइल उघडतच नाही हे शूट संपल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

७. रेकीला नक्की काय बघायचं? जागा तर ओळखीचीच आहे.

ओळखीच्या जागेतच माणूस फसतो. ज्या वेळी शूट करणार, त्याच वेळी जा. सकाळी दहाला शांत असलेला वाडा संध्याकाळी सहाला शाळेतून आलेल्या पोरांनी भरलेला असतो.

खोलीच्या मधोमध डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहा आणि ऐका. फ्रीज, पंखा, वरच्या मजल्यावरचं मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाला, देवळातली घंटा. पुण्यात गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत नदीकाठच्या भागात संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. तिथे त्या दिवसांत संध्याकाळचा संवादाचा सीन लावू नका, कुठलाही माइक तुम्हाला वाचवणार नाही. फ्रीज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. घरी जाताना किल्ली शोधाल आणि फ्रीज चालू कराल. काकूंचं दूध नासल्यावर ही युक्ती मी शिकलो.

मग वीज. घरातल्या साध्या लहान सॉकेटवर ६ अँपिअरची मर्यादा असते, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १,३८० वॅट. हजार वॅटचा एक दिवा तिथे कसाबसा चालेल, दुसरा लावलात की एमसीबी पडेल. गीझर किंवा एसीचा १६ अँपिअरचा पॉइंट कुठे आहे ते बघा आणि तिथपर्यंत पोचेल अशी जाड वायरची एक्स्टेन्शन आणा. एलईडी पॅनल असतील तर हा ताप बराच कमी होतो.

ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी बल्ब असेल तर मोबाइलवर नाही, खऱ्या कॅमेऱ्यावर चाचणी घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की बहुतेक वेळा लुकलुक दिसत नाही.

शेवटी: बाथरूम कुठे, कपडे बदलायला खोली कुठली, गाडी कुठे लावायची, सोसायटीच्या सेक्रेटरींना कोणी सांगितलंय.

८. साउंडला वेगळा माणूस लागतोच का? कॅमेऱ्यात आवाज येतो ना.

येतो. खोलीचाही येतो, कॅमेरामनच्या श्वासाचाही येतो. पडद्यावर चित्र जरा अंधारं असलं तर बघणारा ‘मुद्दाम केलं असेल’ म्हणतो. संवाद ऐकू आला नाही तर तो शेजाऱ्याला विचारतो आणि तिथेच तुटतो.

महागडा माइक नसेल तर मोबाइलला साधा लेपल माइक (कॉलरला अडकवायचा) लावून तो मोबाइल नटाच्या खिशात ठेवा, विमान मोडवर. हेही कॅमेऱ्याच्या माइकपेक्षा कितीतरी चांगलं. रेकॉर्डर असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल इतपत लेव्हल. बूम (लांब काठीला लावलेला माइक) हातात असेल तर माइक तोंडाच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा, फ्रेमच्या कडेपर्यंत. फ्रेममध्ये दिसेपर्यंत खाली आणून पुन्हा जरा वर. प्रत्येक लेन्सला ही कड बदलते, म्हणून शॉटआधी कॅमेऱ्याला विचारायचं.

हेडफोन लावलेल्या माणसाला ‘आवाज एनजी’ म्हणायचा अधिकार द्या. तो अधिकार नसेल तर त्याच्या हातात नुसती काठी आहे.

जागा सोडण्यापूर्वी सगळ्यांना गप्प उभं करून खोलीचा नुसता आवाज एक मिनिट रेकॉर्ड करा. संकलनात संवादांमधली भोकं त्यानेच बुजवायची असतात. हे मिनिट कायम विसरलं जातं, म्हणून एडीच्या यादीत पॅकअपच्या वर लिहून ठेवा.

९. क्लॅप फक्त फोटोसाठी असतो का?

आवाज वेगळा रेकॉर्ड होत असेल तर पाट्या एकमेकांना भिडल्या ती फ्रेम आणि तो ‘टक्’ जुळवून सगळं जुळतं. क्लॅप नसेल तर टाळी वाजवा, पण सीन-शॉट-टेक तोंडाने म्हणा. क्रम असा: एडी ‘साउंड’ म्हणतो, उत्तर येतं ‘रोलिंग’, ‘कॅमेरा’, ‘रोलिंग’, मग ‘सीन चार, शॉट दोन, टेक तीन’, टक्, आणि क्लॅपवाला बाजूला झाल्यावर दिग्दर्शक ‘अ‍ॅक्शन’ म्हणतो. सुरुवातीला क्लॅप राहिला तर शॉटच्या शेवटी, कट म्हणायच्या आत, पाटी उलटी धरून मारा.

१०. कंटिन्युटी सांभाळायची म्हणजे फोटो काढायचे ना?

फोटो हवेतच, पण कप कुठल्या हातात होता यापेक्षा तो कुठल्या शब्दाला उचलला हे जास्त महत्त्वाचं. संहितेच्या छापील प्रतीवर पेन्सिलने खूण करा. एका गटात नायिका चहाचा घोट घेऊन ‘मी येणार नाही’ म्हणायची. क्लोजअपमध्ये तिने आधी वाक्य म्हटलं, मग घोट घेतला. संकलनात ते दोन शॉट काही केल्या जुळेनात, आणि शेवटी सीनमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिच्या पाठमोऱ्या शॉटवर ऐकवावं लागलं.

११. कार्ड कधी रिकामं करायचं आणि कोणी?

एकाच माणसाने. कोण ते सकाळीच जाहीर करा. सेकंदाला १०० मेगाबिटने ४के शूट करत असाल तर तासाला सुमारे ४५ जीबी होतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड सव्वा तासाच्या थोडं पुढे भरतं. जेवणाच्या सुट्टीत एकदा आणि पॅकअपनंतर एकदा, दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी. प्रत्येक डिस्कवरून दोन-चार फाइली उघडून बघायच्या, मगच कार्ड फॉरमॅट. भरलेल्या कार्डावर लाल चिकटपट्टी लावा. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत, एकाच स्कूटरवर घरी जाऊ नयेत.

१२. नट नाटकातले आहेत. चालतील का?

चालतील आणि आनंदाने करतील, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तारखा. जुलै-ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमी असतात. तेव्हा ‘रविवार मोकळा आहे’ असं म्हणणाऱ्यावर विसंबू नका. दुसरी, आवाज. त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असते. ‘छोटं कर’ म्हणण्याऐवजी ‘समोरच्यालाच ऐकू जाईल इतकं बोल’ असं सांगा, लगेच जमतं.

लहान मूल असेल तर बालकामगार कायद्याखालच्या नियमांत दृकश्राव्य निर्मितीत काम करणाऱ्या मुलांसाठी दिवसाला पाच तासांची आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांची मर्यादा आहे, आणि निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कॉलेजच्या मार्गदर्शकांना हे आधीच सांगा. पालक सेटवर हवेतच, आणि मुलाचे सीन सकाळी.

१३. रस्त्यावर शूट करायला परवानगी लागते का? आमच्याकडे एकच कॅमेरा आहे.

कॅमेरा एक असला तरी ट्रायपॉड, लाइट आणि गोळा झालेली माणसं म्हणजे रहदारीला अडथळा. कॉलेजच्या लेटरहेडवर तारीख, वेळ, जागा, माणसांची संख्या लिहून जवळच्या पोलीस चौकीत आधी भेटून या. एक प्रत कायम प्रॉडक्शनच्या हातात. खोटं पिस्तूल, मारामारी किंवा पोलिसांचा गणवेश असेल तर हे तोंडी कळवून भागवू नका.

रेल्वे स्टेशन म्हणजे रेल्वेची परवानगी. शनिवारवाड्यासारखं केंद्रीय संरक्षित स्मारक म्हणजे पुरातत्त्व खात्याची. प्रकल्पाच्या वेळापत्रकात ही बसणं कठीण, म्हणून मी सरळ जागा बदलायला सांगतो. ड्रोनचंही तेच: आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा बघा. लोहगावला हवाई तळ आहे हे पुण्यातल्या मुलांना वेगळं सांगायला नको.

१४. पार्श्वभूमीला तुकोबांचा अभंग वापरला तर कोणाचे हक्क?

शब्द मोकळे आहेत. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, तुकोबांना जाऊन साडेतीनशेहून जास्त झाली. पण चाल एखाद्या संगीतकाराची असेल तर त्या चालीचे हक्क वेगळे आणि गायकाच्या रेकॉर्डिंगचे त्याहून वेगळे. वर्गात दाखवून विषय संपणार असेल तर एकवेळ निभावेल, महोत्सवाला पाठवायचं म्हटलं की अडेल. वर्गातल्या गाणाऱ्या मुलीकडून पारंपरिक चालीत, फक्त टाळांवर गाऊन घ्या. बहुतेक वेळा तेच जास्त चांगलं लागतं.

१५. शूटच्या सकाळी कॅमेरावाला आलाच नाही. काय करायचं?

म्हणून प्रत्येक कामाला एक राखीव माणूस कागदावर हवा आणि चाचणी शूटला (प्रश्न ६) त्याने एकदा तरी ते यंत्र हाताळलेलं हवं. राखीव माणसाला तुमचे सगळे शॉट जमणार नाहीत. फिरते शॉट सोडा, ट्रायपॉडवर मास्टर (अख्खा सीन एका शॉटमध्ये) आणि दोन क्लोजअप घ्या. कॅमेरा त्या न आलेल्याच्याच घरी असेल तर मोबाइलवर करा, पण साउंड नेहमीसारखाच घ्या.

१६. पैसे एकानेच घातलेत आणि आता तो प्रत्येक शॉटमध्ये बोलतोय.

वर्गणी समान ठेवा, जमत नसेल तर कमी खर्चाची कथा करा. एकाने जास्त घातलेच असतील तर तो निर्माता, आणि त्याने कुठे बोलायचं ते ठरवा: संहिता बंद होईपर्यंत आणि पहिलं संकलन बघितल्यावर. सेटवर त्याने एडीकडे बोलायचं, नटाकडे नाही. हिशेब रोज रात्री ग्रुपवर, पावत्यांच्या फोटोंसकट.

१७. एक जण अर्ध्या दिवसानंतर गायब झाला. त्याचं नाव द्यायचं का?

द्यायचं, केलेल्या कामापुरतं. सकाळी लाइट लावले असतील तर ‘प्रकाशयोजना साहाय्य’. कोणाला कुठलं श्रेय हे शूटच्या आधी लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्यात तर हा प्रश्न येतच नाही. नावं प्रत्येकाला स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहायला सांगा. ऱ्हस्व-दीर्घावरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. आणि फ्रीजवाल्या काकू ‘विशेष आभार’मध्ये पहिल्या.

१८. शूट संपलं, भांडण झालं, आणि डिस्क घेऊन संकलक ग्रुपमधून बाहेर पडला. फिल्म कोणाची?

कायद्याने चित्रपटाचा निर्माता हाच त्याचा कर्ता मानला जातो, पण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात निर्माता कोण हेच बहुधा कोणी लिहिलेलं नसतं. कधी कॉलेजच स्वतःला निर्माता म्हणवतं. प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद वाचून बघा. तोवर मार्गदर्शकांना मधे घाला, आणि त्या मुलाला ग्रुपवर नव्हे, एकाने जाऊन भेटा. प्रश्न ११ प्रमाणे दुसरी डिस्क प्रॉडक्शनकडे असेल तर त्याच रात्री नवीन टाइमलाइन उघडून सीन एकपासून लावायला घ्या.